विश्व सपाट आहे म्हणतात, मग ते अनंतच असणार का?

सुईदोरा

नमस्कार. मी बार्शीला घरीच ब्लाउज शिवते. मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि तिच्यामुळे मलाही या विषयाची ओढ लागली आहे. दुपारी मशीनवर बसले की मोबाईलवर खगोलशास्त्राची व्याख्यानं लावून ठेवते.

परवा आम्हा मायलेकींची चांगलीच जुंपली. व्याख्यानात सांगितलं की प्लांक उपग्रहाच्या मोजणीनुसार विश्व सपाट आहे. मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे अनंत. गोलासारखं वळलेलं असतं तर मर्यादित असतं." तिच्याकडच्या पुस्तकातही सपाट आकृतीखाली 'अनंत' असंच छापलंय.

मला ते पटेना. माझ्या कामात सपाट कापडाला उभार द्यायचा तर टक्स घ्यावा लागतो. कापडाची पाचर दाबून शिवली की तिथे कापड फुगून वर येतं. उलट, पूर्ण गोल घेराच्या अंब्रेला कापडाला चीर देऊन एक जादा कळी घातली की ते टेबलावर सपाट बसतच नाही, कड लाटांसारखी वर-खाली होते. म्हणजे कापड कमी केलं तर एक प्रकार, वाढवलं तर दुसरा. पण सरळ बाही शिवताना मी यातलं काहीच करत नाही. तुकडा गुंडाळते, कडेला कड लावते आणि शिलाई मारते. कापड कुठे ताणत नाही, दबत नाही, ते होतं तसंच सपाट राहतं. तरी त्यावरून मुंगी नाकासमोर चालत गेली तर फिरून मूळ जागी येते. सपाट आहे, पण त्या दिशेने मर्यादित आहे.

विश्व असं का असू शकत नाही? आणि असलं तर ते कुणी कधी शोधून पाहिलंय का, कसं शोधतात? जाणकारांनी सांगावं.

निळा डोंगर

ताई, पुस्तकात दिलंय ते बरोबर आहे. वक्रता धन असेल तर मर्यादित, शून्य किंवा ऋण असेल तर अनंत. मोजणीत वक्रता शून्य आली, विषय संपला. बाहीला शिवण असते. विश्वाला शिवण कुठे आहे? आणि असली तर त्या शिवणीपलीकडे काय?

पहाटतारा

सुईदोराताई, तुमचा तर्क बरोबर आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. मी बेळगावला कॉलेजात गणित शिकवतो. हा प्रश्न वर्गात इतक्या स्वच्छपणे मांडलेला मी क्वचित ऐकलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रसरण पावणाऱ्या विश्वाची समीकरणं ज्यांनी पहिल्यांदा सोडवली त्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२४ च्या शोधनिबंधातच बजावलं होतं की केवळ वक्रतेवरून विश्व मर्यादित की अनंत हे ठरत नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी ते वारले, वय अवघं ३७. त्यांचं हे सांगणं मात्र पाठ्यपुस्तकांत झिरपलंच नाही, याची मला खरोखर खंत वाटते. आइन्स्टाइनची समीकरणं एवढंच सांगतात की अमुक ठिकाणी अमुक इतकं द्रव्य आणि ऊर्जा आहे, तर तिथे वक्रता इतकी. म्हणजे टक्स कुठे आणि केवढा. कुठली कड कुठल्या कडेला जोडलेली आहे, याबद्दल ती अवाक्षर काढत नाहीत. तो भाग टोपॉलॉजीचा.

निळा डोंगर, शिवणीचं म्हणाल तर ती कापडाला असते, कारण ते कापून जोडावं लागतं. गणितातल्या जोडणीत शिवण उरत नाही. प्रत्येक बिंदू दुसऱ्यासारखाच, कुठेही कड नाही, त्यामुळे पलीकडेही काही नाही. सपाट त्रिमित अवकाशाचे असे एकूण १८ प्रकार आहेत. त्यातला एक म्हणजे आपण शाळेत शिकतो ते सगळीकडे पसरलेलं अनंत अवकाश. उरलेल्या १७ पैकी ७ एखाद्या दिशेने तरी अनंत आहेत आणि १० सर्व बाजूंनी मर्यादित. दहाही पूर्ण सपाट, टक्स एकातही नाही.

आता सपाट हे ठरवलं कसं ते थोडक्यात. सुरुवातीच्या विश्वात सगळीकडे तापलेला प्लाझ्मा होता आणि त्यातून ध्वनिलहरी धावत होत्या. सुमारे ३,८०,००० वर्षांनी तो इतका निवला की अणू बनले, प्रकाश मोकळा सुटला आणि लहरींचा ठसा तिथेच राहिला. तोवर लहर किती लांब गेली असेल हे गणिताने निघतं: आजच्या मापात सुमारे ४७ कोटी प्रकाशवर्षं. तो प्रकाश म्हणजेच सीएमबी (वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी). ज्या जागेवरून तो निघाला ती जागा आज आपल्यापासून सुमारे ४५ अब्ज प्रकाशवर्षं दूर आहे (विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं असलं तरी मधल्या काळात अवकाश ताणलं गेलं, म्हणून अंतर एवढं). त्रिकोणाचा पाया माहीत, बाजू माहीत. अवकाश सपाट असेल तर कोन ०.६ अंशाच्या आसपास यायला हवा, म्हणजे पूर्ण चंद्रापेक्षा किंचित मोठा. तुमचा टक्स (धन वक्रता) असता तर कोन याहून मोठा दिसला असता, जादा कळी (ऋण वक्रता) असती तर लहान. १९९८ च्या अखेरीस अंटार्क्टिकावर उडवलेल्या बूमरँग फुग्याच्या मोजणीतून २००० साली सपाटपणाचा पहिला भक्कम पुरावा आला. प्लांकच्या २०१८ च्या निकालात इतर निरीक्षणं जोडून वक्रतेचा आकडा ०.०००७ आला, अनिश्चितता ०.००१९. शून्य त्या पट्ट्यात आरामात बसतं.

म्हणजे टक्स सापडला नाही. जोडणी आहे की नाही, हा वेगळा शोध आहे आणि माझा जीव त्यात अडकलेला आहे.

विश्व लहान असेल तर एकच दीर्घिका आपल्याला दोन दिशांना दिसेल, असं वाटणं साहजिक आहे. पण एका बाजूने ती तरुण दिसेल, दुसऱ्या बाजूने म्हातारी, शिवाय पाठमोरी. ओळखायची कशी? सीएमबीत ही अडचण नाही, कारण तो सगळा एकाच वेळचा आणि आपल्यापासून एकाच अंतरावरचा. आपल्याभोवती ४५ अब्ज प्रकाशवर्षं त्रिज्येचा एक गोल, आपण मध्यभागी. समजा विश्व एका दिशेने ७० अब्ज प्रकाशवर्षांवर स्वतःलाच जोडलेलं आहे. गोलाची रुंदी ९० अब्ज, तो त्यात मावणार नाही. त्याची एक बाजू दुसरीला छेदेल, आणि दोन गोल छेदतात तिथे वर्तुळ बनतं. अवकाशातलं हे एकच वर्तुळ आपल्याला एका दिशेलाही दिसेल आणि बरोबर विरुद्ध दिशेलाही, साधारण ३९ अंश त्रिज्येचं. दोन्हींवर थंड-गरम ठिपक्यांचा क्रम तोच. नील कॉर्निश, डेव्हिड स्पर्गेल आणि ग्लेन स्टार्कमन यांनी १९९८ मध्ये ही पद्धत मांडली.

प्लांकचा नकाशा सगळ्यांसाठी खुला आहे, त्यामुळे मीही हे लॅपटॉपवर करून बघतो. नकाशा ४९,१५२ चौकटींवर आणला की साधं यंत्रही तो पेलतं. एक दिशा धरायची, समजा स्वातीकडे, आणि तिच्या बरोबर उलटी दुसरी. दोन्हींभोवती ३९ अंशांची वर्तुळं आखायची आणि अंशाअंशावर तापमान वाचायचं. ३६० आकड्यांच्या दोन रांगा मिळतात: सरासरीपेक्षा इतके मायक्रोकेल्विन जास्त, इतके कमी. दुसरी रांग उलट क्रमाने वाचायची, कारण तेच वर्तुळ आपण पलीकडून बघत असतो. मग एक रांग दुसरीवर एकेक अंशाने सरकवत जुळतात का ते पाहायचं. जिथे वर्तुळ आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यावरून जातं तिथले आकडे टाकून द्यावे लागतात. जुळणीही शंभर टक्के नसते. प्लाझ्मा कुठल्या बाजूला सरकत होता त्याचा परिणाम दोन बाजूंनी बघताना वेगवेगळा येतो, आणि वाटेतल्या दीर्घिकासमूहांचं गुरुत्व दोन्ही वाटांवर निराळं असतं. तरीही खरी जोडी असेल तर ती उठून दिसावी.

खऱ्या शोधात सर्व दिशा, सर्व त्रिज्या आणि सर्व पिळांसाठी (म्हणजे रांग जितके अंश सरकवता येईल त्या प्रत्येकासाठी) हे करतात. २००४ मध्ये कॉर्निश आणि सहकाऱ्यांनी डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नकाशात ते केलं. जोडी मिळाली नाही. पुढे प्लांकच्या गटाने केलं, तेव्हाही नाही.

सुईदोरा

पहाटतारा दादा, तुमचा प्रतिसाद मशीन बंद करून दोनदा वाचला. मुलीलाही वाचायला लावला.

एक शंका मात्र जात नाहीये. बाहीची एक शिलाई मला समजते. पण विश्व सगळ्या बाजूंनी मर्यादित हवं तर बाहीची दोन तोंडंही एकमेकांना जोडावी लागतील ना? मी जुन्या बाहीवर करून पाहिलं. वळवून तोंडाला तोंड लावलं तर आतल्या बाजूला चुण्या पडतात आणि बाहेरच्या बाजूला कापड ताणलं जातं. म्हणजे पहिली शिलाई फुकट झाली, दुसरीला सपाटपणा मोडावा लागला. मग दहाच्या दहा आकार पूर्ण सपाट कसे?

पहाटतारा

ताई, चुण्या पडतात त्या बाही आपल्या खोलीतल्या तीन मितींत वाकवावी लागते म्हणून. दोन मितींचं कापड चार मितींत ठेवता आलं तर दोन्ही जोडण्या ताण न देता, चुणी न पडता होतात, आणि ते गणिताने दाखवता येतं. शिवाय विश्वाला तर कशात ठेवायचंही नाहीये. ते दुसऱ्या कुठल्या मोठ्या जागेत वाकवलेलं नाही. 'उजव्या कडेतून गेलं की डाव्या कडेतून आत, वरून गेलं की खालून, पुढून गेलं की मागून' एवढा नियम पुरतो. तो पाळणाऱ्या अवकाशाला त्रिमित टोरस म्हणतात. त्यात कुठेही त्रिकोण काढा, कोनांची बेरीज १८० अंशच भरते.

घनाकार टोरससाठी प्लांकच्या गटाने २०१५ मध्ये मर्यादा काढली. त्याची बाजू आपल्या दृश्य गोलाच्या रुंदीच्या निदान ९७ टक्के असायला हवी, म्हणजे जवळजवळ ८८ अब्ज प्रकाशवर्षं. त्याहून लहान असता तर खूण दिसली असती.

निळा डोंगर

शिवणीचं उत्तर पटलं. चार मितींचं डोळ्यांपुढे येत नाही, पण नियमाचं समजलं. तरी एक विचारतो. सुरुवातीच्या क्षणी अतिवेगाने प्रसरण झालं असं मानतात. त्यामुळे विश्व आपल्या दृश्य गोलाच्या कितीतरी पटींनी मोठं झालेलं असणार. मग जोडणी असलीच तरी ती क्षितिजापलीकडे, कुणाला कधी दिसायची नाही. वर्तुळंही मिळाली नाहीत. अजून हे शोधत बसण्यात अर्थ काय?

पहाटतारा

तुमचा मुद्दा वजनदार आहे. प्रसरण भरपूर झालं असेल तर जोडणी खरंच हाताबाहेर आहे. पण किती झालं हे कुणी मोजलेलं नाही. किमान किती व्हायला हवं तेवढंच सांगता येतं.

शोध चालू ठेवण्याची माझ्या दृष्टीने दोन कारणं आहेत. पहिलं, आकाशातच एक खटकणारी गोष्ट आहे. मर्यादित विश्वात त्याच्या लांबीहून मोठी लहर मावत नाही, त्यामुळे सीएमबीतले सर्वांत विस्तीर्ण चढउतार फिके पडायला हवेत. आणि ६० अंशांपेक्षा दूरच्या दिशांमधल्या तापमानांत जेवढं साम्य अपेक्षित आहे तेवढं आढळत नाही. कोबे, डब्ल्यूमॅप, प्लांक, तिन्ही उपग्रहांत हेच. हा निव्वळ योगायोग असू शकतो, आकाश एकच असल्यामुळे पुन्हा मोजून खात्री करता येत नाही. पण याच खुणेवरून ऑक्टोबर २००३ मध्ये जाँ-पिएर लुमिने, जेफ्री वीक्स आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये गणितज्ञ पॉइनकारे यांच्या नावाचं बारा पंचकोनांचं अवकाश मांडलं. समोरासमोरचे पंचकोन ३६ अंश फिरवून जोडलेले. त्याला किंचित टक्स लागतो आणि सुमारे ३५ अंश त्रिज्येच्या वर्तुळांच्या सहा जोड्या दिसायला हव्या होत्या. त्या दिसल्या नाहीत. ज्या कल्पनेला आकाशाकडे बघून 'नाही' म्हणता येतं, ती मला मोलाची वाटते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वर्तुळं न मिळाल्याने सिद्ध होतं ते इतकंच, की आपल्या जागेवरून निघून आपल्याच जागी परत येणारी सर्वांत छोटी वाट दृश्य गोलाच्या रुंदीहून फारशी लहान नाही. साध्या टोरसमध्ये ही वाट सगळ्यांना सारखीच. पण समजा एका दिशेची जोडणी अर्ध्या वळणाने, १८० अंश फिरवून केलेली आहे. त्या वळणाच्या अक्षावर राहणाऱ्याला सरळ वाटेने लवकर परत येता येईल. अक्षापासून दूर राहणारा त्याच वाटेने गेला तर तो स्वतःच्या जागेऐवजी अक्षाच्या पलीकडच्या बाजूला पोहोचेल, आणि त्याची घरी यायची वाट लांब पडेल. आपण तसे दूर असू तर वर्तुळं दिसणार नाहीत, आणि विश्व मात्र लोक समजतात त्यापेक्षा लहान असेल. स्टार्कमन आणि इतरांच्या कॉम्पॅक्ट गटाने २०२४ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये हेच दाखवलं: सपाट आकारांतल्या बऱ्याच शक्यता अजून शिल्लक आहेत. वर्तुळं जिथे बनत नाहीत तिथेही सीएमबीतल्या चढउतारांत दिशेनुसार फरक राहतो, आणि तो शोधता येण्यासारखा आहे.

कुतूहल

उत्तम चर्चा. आपल्याकडे कुणी यावर काम केलंय का?

पहाटतारा

हो. डॉ. तरुण सौरदीप यांनी डिक बॉण्ड आणि दिमित्री पोगोस्यान यांच्याबरोबर ऋण वक्रतेच्या मर्यादित विश्वांत सीएमबी कसा दिसेल याची गणितं केली आणि ती कोबेच्या नकाशाशी ताडून पाहिली. त्या वेळी विश्व सपाट आहे हे पक्कं झालेलं नव्हतं, म्हणजे ताईंची जादा कळी अजून शर्यतीत होती. पुढे पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेत, अमीर हाजियान या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी आकाश सर्व दिशांना सांख्यिकदृष्ट्या सारखं आहे का हे तपासायची पद्धत बसवली. वर दिशेनुसार फरकाचं लिहिलं ते याच जातीचं काम. मर्यादित विश्वात काही दिशा आखूड, काही लांब, त्यामुळे सारखेपणा मोडतो.

सुईदोरा

दादा, फिरवून जोडणी म्हणालात त्यावरून मुलीचा एक प्रश्न. बाही डावी-उजवी वेगळी असते, पुढचा मुंढा जास्त खोल कापतात. अशा एखाद्या विश्वात डावी बाही चक्कर मारून आली आणि न उलटवता उजवी झाली, असं होऊ शकतं का?

पहाटतारा

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. होऊ शकतं, आणि दहा मर्यादित सपाट आकारांपैकी चार नेमके असेच आहेत. त्यांतल्या काही वाटांनी फिरून आलं की डाव्याचं उजवं होतं. तिथून फेरी मारून आलेल्या माणसाचं हृदय उजवीकडे असेल, आणि त्याच्या दृष्टीने बाकी सगळं जग उलटं झालेलं असेल.

पण निसर्ग डावं-उजवं ओळखतो. चिएन-शिउंग वू यांच्या कोबाल्टवरच्या प्रयोगातून १९५७ मध्ये कळलं की क्षीण केंद्रकीय बल दोघांना सारखी वागणूक देत नाही. डाव्या-उजव्याची अदलाबदल करणाऱ्या विश्वात हे बल बसवणं अवघड जातं. म्हणून अनेक अभ्यासक आधी उरलेले सहा तपासतात: साधा टोरस, मग अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या हिश्शाच्या वळणाने जोडलेले चार, आणि सहावा हान्ट्शे आणि वेंड्ट यांचा, ज्यात तिन्ही दिशांना अर्धं वळण आहे. पहिले पाच मुलीला कागदावर काढता येतील. सहाव्यासाठी तिन्ही दिशांचे अक्ष एकमेकांना छेदणार नाहीत असे ठेवायला सांगा, आणि अडली तर इथेच लिहू दे.